वेल्डिंगच्या कपाटातील तबकडी

मित्रांनो, एखाद्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि मग ते अमान्य करावे, हा प्रत्येकाचा अधिकार आहे. परंतु न ऐकताच अमान्य करणे हा अन्याय होय. आणि अमान्य केलेल्या वस्तूला भलतेच नाव देऊन कपाटात बंद करणे हा त्याहून मोठा अन्याय होय. माझ्या बाबतीत पहिला अन्याय एका पित्याकडून घडला आणि दुसरा एका ग्रंथपालाकडून. दोघेही सज्जन होते. दुर्जनांच्या चुका लवकर उघडकीस येतात; सज्जनांच्या चुका वर्षानुवर्षे टिकतात, कारण त्या फार नीटनेटक्या केलेल्या असतात.

मी एक जुनी ध्वनिमुद्रिका आहे. कोणी मला तबकडी म्हणतात, कोणी रेकॉर्ड. भोपाळच्या एका कारखान्याच्या वसाहतीत मला चार वर्षे 'वेल्डिंग, पाठ तिसरा' असे म्हणत. ते ऐकून मला काय वाटत असेल याची कल्पना तुम्हीच करा.

माझा जन्म परदेशात झाला. काळ्या द्रव्याचा एक तप्त गोळा दोन साच्यांमध्ये दाबला गेला आणि क्षणार्धात माझ्या दोन्ही अंगांवर हजारो सूक्ष्म वर्तुळाकार चरे उमटले. त्या चऱ्यांत एका वाद्यवृंदाच्या दहा रचना होत्या. जाझ नावाचे संगीत, विजेवर चालणारी वाद्ये आणि पूर्वेकडील ताल यांचा मेळ ज्यांनी आरंभी घातला, त्यांपैकी हा एक वृंद. त्याचे नाव मी सांगत नाही. नावामुळेच माझी दुर्दशा झाली असल्याने नावांवरून माझे मन उडाले आहे.

मी निवडक रचनांचे संकलन होते. संकलनाला जगात मान कमी, हे मी जन्मापासून जाणून आहे. 'हे तर पूर्वीचेच, पुन्हा वाढलेले,' असे म्हणून रसिक नाक मुरडतात. माझ्या पहिल्या नऊ रचना खरोखरच वृंदाच्या आधीच्या सहा तबकड्यांतून घेतलेल्या होत्या. दहावी मात्र कोठेही प्रसिद्ध झालेली नव्हती. ती दुसऱ्या बाजूच्या शेवटी होती आणि तिच्यात तबला वाजवणारा तरुण भोपाळचा होता. त्याचे नाव श्याम डबीर.

श्यामने माझी पहिली प्रत हाती येताच तिच्या वेष्टनात, आतल्या पांढऱ्या पाकिटामागे, निळ्या पातळ कागदावर लिहिलेले एक पत्र सरकवले आणि मला आपल्या वडिलांकडे धाडून दिले. एवढ्या लांबचा प्रवास मी एकही चरा न दुखवता केला. मला वाटले, आता कौतुक होईल.

श्यामचे वडील विश्वनाथ डबीर कारखान्याच्या शाळेत संस्कृत शिकवीत. मूळचे उज्जैनचे. वसाहतीत त्यांना सगळे गुरुजी म्हणत. शिस्त अशी की शाळेच्या घंटेवर त्यांचे घड्याळ लावलेले नव्हते. शिपाई त्यांना फाटकातून येताना पाहून घंटा देत असे. श्याम कारखान्यात टर्बाइनच्या विभागात शिकाऊ म्हणून लागला होता. एका वर्षात तो कायम झाला असता. त्याऐवजी तो तबल्याची जोडी घेऊन परदेशी गेला, आणि गुरुजींनी त्याचे नाव घेणे सोडले.

माझे वेष्टन त्यांनी जेवणाच्या खोलीत उघडले. पुठ्ठ्यावर नारिंगी ठिणग्यांचे चित्र होते आणि त्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द: फ्यूजन. गुरुजींनी कोश काढला, शब्द पाहिला, कोश मिटला.

"संकर," ते म्हणाले.

"अहो, एकदा लावून तर बघू," प्रमिलाबाई म्हणाल्या. या श्यामच्या आई.

"लावायला ती काय उदबत्ती आहे?"

"तुमच्या मुलानं पाठवलीय."

"माझा मुलगा टर्बाइनमध्ये होता. हा कोणी दुसरा दिसतो."

मित्रांनो, ज्या गृहस्थांनी तीस वर्षे मुलांना शिकवले की अ आणि इ भेटले की त्यांचा ए होतो, आणि त्यात अ चाही अपमान नाही आणि इ चाही नाही, त्यांना दोन संगीतांच्या भेटीसाठी संधी हा शब्द सुचू नये. मी पुठ्ठ्यात पडल्या पडल्या तळमळत होते. पण आम्हा तबकड्यांची हीच गोची आहे. कोणी सुई ठेवीपर्यंत आम्हाला तोंड नसते.

ज्या खाकी कागदावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता, तो कागद त्याच सकाळी पाणी तापवण्याच्या बंबात गेला. आणि मला घेऊन गुरुजी शेजारच्या क्वार्टरमध्ये मनोहर घटाट्यांकडे गेले.

मनोहरराव कारखान्याच्या तांत्रिक ग्रंथालयात ग्रंथपाल होते. नागपूरचे, अविवाहित, आणि वर्गीकरणावर जीव ओवाळून टाकणारे. त्यांच्या घरातील लोणच्याच्या बरण्याही विषयवार मांडलेल्या असत.

"हे तुमच्या ग्रंथालयात ठेवून द्या कुठेतरी," गुरुजी म्हणाले.

"ठेवतो की, गुरुजी. पण हे कशावर आहे?"

"माझ्या डोक्यावर," असे म्हणून गुरुजी निघून गेले.

डोक्यावर हा विषय मनोहररावांच्या यादीत नव्हता. विषय ठरल्याशिवाय वस्तू फडताळावर जाणे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हते. त्यांनी पुठ्ठा उलटसुलट केला. ठिणग्या दिसल्या. फ्यूजन हा शब्द दिसला. आता या कारखान्यात हा शब्द जाणणारे हजारो लोक होते, आणि त्या सर्वांसाठी त्याचा एकच अर्थ होता: धातूच्या दोन कडा वितळवून एकजीव करणे, म्हणजे फ्यूजन वेल्डिंग. त्या काळी परदेशी यंत्रांबरोबर शिकवणीच्या तबकड्याही येत असत. मनोहररावांचे समाधान झाले. त्यांनी सुबक अक्षरांत चिठ्ठी लिहून माझ्या पुठ्ठ्यावर डकवली: वेल्डिंग, पाठ तिसरा. पहिला आणि दुसरा कोठे आहे, असा प्रश्न त्यांना कसा पडला नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही. पेशवाईत म्हणे 'ध' चा 'मा' झाला. आमच्या येथे संगीताचे वेल्डिंग झाले.

तेथून मी प्रशिक्षण शाळेच्या वेल्डिंग विभागात गेले. तेथील शिक्षक यशवंत पागनीस इंदूरचे, मनाने दिलदार आणि आवाजाने खणखणीत. त्यांनी मला वर्गातील जुन्या रेकॉर्ड प्लेयरवर चढवले. पहिल्या रचनेच्या आरंभीच विजेची गिटार तारस्वरात किंचाळते. ती किंचाळी बसवायला त्या वादकाला सहा महिने लागले होते. पागनीसांचा चेहरा उजळला. त्यांना त्यात वेल्डिंगच्या विजेची ज्योत, म्हणजे आर्क, ऐकू आली.

"सुनो," ते वर्गाला म्हणाले, "आर्क लंबा हुआ तो ऐसी आवाज आती है. लिख लो."

तीस वह्यांत ते लिहिले गेले.

"सर, पीछे ढोल क्यों बज रहा है?" एकाने विचारले.

"कारखाना है, भैया. पीछे कुछ न कुछ तो बजेगा ही."

अशी माझी चार वर्षे गेली. दर नव्या तुकडीला माझी पहिली दीड मिनिटे ऐकवली जात आणि मग मला उतरवले जाई. दुसरी बाजू कोणी उलटून पाहिली नाही. माझा व्यास बारा इंच असल्याने पागनीस माझ्या कडेभोवती खडू फिरवून फळ्यावर बारा इंची नळीचा छेद काढीत. पुठ्ठ्यावर चहाचे पेले ठेवले जात. आणि या सर्व काळात, मित्रांनो, ते निळे पत्र माझ्या पाकिटाला चिकटून होते. मला बाहेर काढणारा हात दर वेळी त्याच्यापासून दोन बोटांवरून जात असे. ज्या घरासाठी ते लिहिले होते ते घर तेथून सायकलने दहा मिनिटांवर होते. ही दहा मिनिटे कोणालाही चार वर्षांत ओलांडता आली नाहीत, याचा मला जो उबग आला तो वर्णन करण्यास माझे चरे पुरणार नाहीत.

पुढे गुरुजी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर महिन्याभरात क्वार्टर रिकामे करण्याचा नियम होता. आनंद नगरात त्यांनी दोन खोल्यांचे घर बांधलेच होते. सामान बांधून झाले, हातगाडी सांगून झाली, आणि त्या सकाळी प्रमिलाबाई पितळी डब्यांच्या पेटीवर बसून राहिल्या. हा प्रसंग मी पाहिला नाही. पण त्यानंतर तो त्या घरात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की मला तो पाठ आहे.

"ऊठ, गाडीवाला उभा आहे," गुरुजी म्हणाले.

"सामान जाऊ द्या. मी येत नाही."

"आज तीस तारीख आहे. उद्यापासून आपण इथे बेकायदा."

"होऊ दे. श्यामला हाच पत्ता ठाऊक आहे. त्यानं पत्र टाकलं तर ते इथेच येईल, आणि इथे राहणारा परकं पत्र परत करील. मग मी त्याला कुठे शोधू?"

"चार वर्षांत टाकलं का त्यानं पत्र?"

"तुम्ही पहिल्याचं उत्तर दिलंत का?"

"पहिलं कुठलं? पत्र नव्हतंच."

"होतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्या तबकडीच्या पुठ्ठ्यात. निळ्या कागदाची कड मी पाहिली होती. तुम्ही रागात होतात. म्हटलं, राग उतरला की सांगीन. तो काही उतरला नाही."

गुरुजी खाली बसले. बसण्यासाठी घरात काहीच उरले नव्हते म्हणून ते फरशीवरच बसले.

"चार वर्षं गप्प राहिलीस?"

"रागावणारा गप्प नव्हता म्हणून मला गप्प राहावं लागलं. आता पत्ता आणा. त्या पत्रात पत्ता असेल. तोवर मी या पेटीवरून हलायची नाही."

आयुष्यात एक दिवसही उशीर न केलेल्या माणसापुढे उद्यापासून बेकायदा होण्याचे संकट उभे राहिले. गुरुजी पायांत चपला सरकवून मनोहररावांच्या ग्रंथालयात गेले.

"माझ्या ग्रंथालयात वस्तू हरवत नाही, गुरुजी," मनोहरराव शांतपणे म्हणाले. "फार तर सापडत नाही."

संगीत हा विषय पाहिला; त्याखाली काहीच नव्हते. मनोरंजन पाहिले, त्याखाली बुद्धिबळाचा एक पट होता. देणगी पाहिले, परदेशी पाहिले, संकीर्ण पाहिले. मनोहररावांच्या कपाळावर घाम आला. त्यांचे शास्त्र प्रथमच त्यांना दगा देत होते. गुरुजी माघारी निघाले, तोच प्रमिलाबाई स्वतःच तेथे येऊन पोचल्या. पेटीवर बसून राहण्याचा निश्चय त्यांना अर्धा तासही निभावला नव्हता.

"पेटी?" गुरुजींनी विचारले.

"गाडीवाल्याला बसवलंय तिच्यावर." त्या मनोहररावांकडे वळल्या. "भाऊजी, वर काय नाव होतं ते आठवतं का तुम्हाला?"

"इंग्रजी होतं, वहिनी. नारिंगी पुठ्ठा होता. नाव होतं..." मनोहरराव बोलता बोलता थांबले. त्यांचा हात हळूहळू टेबलावर आला. "फ्यूजन."

"मग?"

"मग मी ती वेल्डिंगला दिली, वहिनी."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. "माझ्या मुलाचं पत्र," ते म्हणाले, "तुम्ही वेल्डिंगला दिलंत."

"विषय तुम्हीच सांगितला नाहीत, गुरुजी. डोक्यावर म्हणालात."

तिघेही वेल्डिंगच्या वर्गात आले तेव्हा मी फळ्याशेजारी, चहाच्या दोन पेल्यांखाली होते. मुले उठून उभी राहिली. त्यांतल्या काहींना गुरुजींनी शाळेत रूपे घोकायला लावली होती. पागनीसांना सारे समजायला थोडा वेळ लागला.

"हिच्यात बाजा आहे म्हणता?" ते पुन्हा पुन्हा विचारीत होते. "मी हिच्यावर चार तुकड्या पास केल्या, साहेब."

प्रमिलाबाईंनी पेले उचलले, पदराने पुठ्ठा पुसला आणि मला पाकिटासह बाहेर काढले. पत्र आत खोल, एका कोपऱ्यात अडकले होते. बोटे पोचेनात. त्यांनी अंबाड्यातील आकडा काढला, आत घातला आणि अलगद ओढला. निळा कागद बाहेर आला. चार वर्षांनी प्रथमच माझ्या अंगावरचा एक भार हलका झाला.

गुरुजींनी चष्मा लावून मोठ्याने वाचले. मनात वाचण्याचा त्यांना सराव नव्हता.

"'तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. दुसऱ्या बाजूची शेवटची रचना तेवढी ऐका. बाकीच्या नाही ऐकल्यात तरी चालेल. ऐकून रागच आला तर उत्तर पाठवू नका, मी पुन्हा लिहिणार नाही. काही वाटलं तर पत्ता खाली आहे. आईला सांगा, इथे तूरडाळ मिळते.'"

प्रमिलाबाईंनी फक्त पत्त्याच्या ओळीवरून बोट फिरवले.

"मिळाला पत्ता," गुरुजी म्हणाले. "झालं तुझं काम. चल."

"माझं झालं. तुमचं?"

"त्यानं अट घातली आहे. ऐकल्यावाचून उत्तर देणं म्हणजे खोटी साक्ष. आणि ऐकायला मी..." त्यांनी वाक्य सोडून दिले. मग एकदम पागनीसांना म्हणाले, "लावा ती."

पागनीसांनी सवयीने पहिली बाजू लावली. गिटार किंचाळली. सवयीने तीस हातांनी पेन्सिली उचलल्या.

"दुसरी, दुसरी," प्रमिलाबाई म्हणाल्या.

माझी दुसरी बाजू वर आली. चार वर्षांत तिच्यावर प्रथमच उजेड पडला. पागनीसांनी सुई कडेवर ठेवली आणि सहावी रचना सुरू झाली. ती चांगली दहा मिनिटांची आहे आणि तिच्यात विजेची चार वाद्ये एकमेकांशी भांडतात. गुरुजींनी एक मिनिट दम धरला.

"ही काय गिरणी आहे? शेवटची कुठे आहे?"

"सर, थांबा, मी सरकवतो. नाजूक काम आहे."

"मला हात आहेत," म्हणून गुरुजींनी सुईची दांडी स्वतःच धरली.

हात तर होते, पण त्यांना हे काम ठाऊक नव्हते. दांडी उचलली गेली, माझ्यावरून तरंगत आत आली आणि शेवटच्या रचनेच्या ऐन मध्यावर त्यांच्या बोटांतून सुटली. खट् असा आवाज झाला. सुईचे टोक माझ्या एका चऱ्यात रुतले आणि तेथे तिळाएवढा खड्डा पडला. मला किती वेदना झाली ते सोडा. चार वर्षे खडू, चहा, ठिणग्या यांतून जी बाजू मी अभंग राखली होती, तिला पहिली जखम झाली ती ज्यांच्यासाठी ती राखली त्यांच्याच हातून. मनुष्यजातीविषयी माझी सहनशीलता त्या क्षणी संपली होती, हे मी लपवीत नाही.

प्रमिलाबाईंनी तो खड्डा पडताना पाहिला. गुरुजी चष्मा सावरीत होते. त्यांना काही दिसले नाही. पागनीसांनी दांडी उचलून शेवटच्या रचनेच्या आरंभी अलगद ठेवली आणि ते मागे सरले.

आरंभी केवळ तबला होता. गुरुजी कपाळाला आठ्या घालून उभे होते. पहिले आवर्तन गेले, दुसरे गेले. तिसऱ्याला त्यांच्या उजव्या हाताचे बोट टेबलाच्या लोखंडी कडेवर हलू लागले. चौथ्याला ओठ हलले.

"य, मा, ता, रा," ते पुटपुटले. "ज, भा, न, स, ल, गम्."

मित्रांनो, वृत्तांचे आठ गण ध्यानात राहावेत म्हणून संस्कृतच्या वर्गात मुलांकडून ही अक्षरमाला घोकून घेतात. यमाताराजभानसलगम्. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. सगळ्या मिळून पंधरा. श्याम सहा वर्षांचा असताना गुरुजी त्याला समोर बसवून परातीवर बोटांनी ही माला वाजवायला लावीत, म्हणजे लघु-गुरु कानात बसतील. मुलाने ती परात सोबत नेली नव्हती, पण माला नेली होती. आणि आता पाचव्या आवर्तनाला विजेची चारही वाद्ये त्याच्या मागोमाग आत आली. ज्यांनी भोपाळ नकाशावरही पाहिले नसेल असे चार परदेशी वादक गण म्हणत होते, आणि एकाचाही लघु दीर्घ होत नव्हता.

"ह्यांना कोणी शिकवलं?" गुरुजींनी विचारले.

"तुमच्या मुलानं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

गुरुजींचे बोट चालूच होते. नववे आवर्तन आले. न पडला, आणि स च्या जागी खट् असा आवाज आला, मग ल. गुरुजींचे बोट हवेत थांबले.

"पुन्हा."

पागनीसांनी सुई मागे नेली. नववे आवर्तन पुन्हा आले. न, खट्, ल.

"चुकला," गुरुजी म्हणाले. त्यांच्या स्वरात जो संताप होता तो चार वर्षांपूर्वीचा नव्हता. तो वर्गातला होता. "एक लघु गिळला. स गिळला आणि तिथे खट् टाकला. तबल्यात खट् असा बोलच नाही. मी ह्याला असं शिकवलं नव्हतं."

पागनीसांनी सांगण्यासाठी तोंड उघडले. प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिले. ते तोंड पुन्हा मिटले.

"फार मोठी चूक आहे का हो?" प्रमिलाबाईंनी विचारले.

"अक्षम्य आहे. समोर बसवून दुरुस्त करावी लागेल."

"पत्रानं नाही का जमणार?"

"पत्रानं लघु दुरुस्त होतो का कधी?"

मग मला घरी नेण्याचे ठरले. मनोहरराव म्हणाले, यादीतून नाव काढण्यापूर्वी विषय बरोबर लिहावाच लागेल. चुकीच्या विषयाची वस्तू बाहेर गेली तर त्यांना झोप लागणार नाही.

"संगीत लिहू ना, गुरुजी?"

"छंदःशास्त्र लिहा," गुरुजी म्हणाले.

मनोहररावांनी तसे लिहिले. वेल्डिंगमधून सुटले ती थेट छंदःशास्त्रात पडले. मी जाझ आहे, हे या वसाहतीत एकालाही सांगता आले नाही. पण आता वाद घालण्याचे त्राण माझ्यात नव्हते.

गाडीवाला पितळी डब्यांच्या पेटीवर वाट पाहत बसला होता. सूर्यास्तापूर्वी क्वार्टरची किल्ली परत गेली. आनंद नगरच्या घरात पोचताच, कंदिलही न शोधता, दारातल्या उजेडात बसून गुरुजींनी पत्र लिहिले. प्रमिलाबाईंनी ते पोस्टात टाकण्यापूर्वी वाचले, आणि वाचताना मी समोर होते.

"चिरंजीव श्याम यास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आज मिळाले. विलंब आमच्या बाजूचा आहे. रचना ऐकली. पंधरा मात्रांचे आवर्तन ओळखले. नवव्या आवर्तनात न आणि ल यांमधील स तू गिळला आहेस व तेथे एक अनाकलनीय बोल घातला आहेस. हे आपल्या घरास शोभत नाही. प्रत्यक्ष येऊन दुरुस्त करणे. आमचा नवा पत्ता खाली दिला आहे. आईला डाळीची बातमी पावली असे समजावे."

श्याम माघ महिन्यात आला. दाढी राखलेला, अंगावर जाड कोट, आणि पाठीला पिशवीत तबला. गुरुजींनी त्याला पाणीही पिऊ दिले नाही. पागनीसांनी आपला रेकॉर्ड प्लेयर आठवड्यापुरता आणून ठेवला होता. मला लावण्यात आले. श्याम मांडी घालून समोर बसला आणि नववे आवर्तन आले. न, खट्, ल.

"ऐकलंस?" गुरुजी म्हणाले.

श्यामने भुवया उंचावल्या. त्याने मला उतरवले, दोन्ही तळव्यांनी कडेने धरून खिडकीशी नेले आणि तिरप्या उजेडात पाहिले. तिळाएवढा खड्डा त्याला लगेच दिसला. त्याने त्यावर बोट टेकले. मग वळून आईकडे पाहिले. प्रमिलाबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी मान किंचित डावीकडे हलवली, किंचित उजवीकडे.

"काय रे? सापडली चूक?"

"सापडली, बाबा," श्याम म्हणाला. "माझंच चुकलं."

"चार वर्षांपूर्वीच दाखवायला हवी होती. माझंही चुकलं." गुरुजींनी समोरची जागा दाखवली. "बस इथे. सावकाश वाजव. मी म्हणतो."

मित्रांनो, त्यानंतर मी कपाटात आहे. काचेच्या, धूळ न शिरणाऱ्या. मला आता क्वचितच लावतात. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे की आमच्यासारख्यांना हाताळताना कडेने धरा, ठेवताना उभे ठेवा, अंगावर चहाचा पेला ठेवू नका. आणि कोणतीही वस्तू कपाटात घालण्यापूर्वी तिच्या पुठ्ठ्यात एकदा बोट घालून पाहा. नाव वाचून विषय ठरवू नका. मजकूर ऐका, मग खुशाल रागवा. या साध्या गोष्टी सांगण्यासाठी मला एवढे आयुष्य खर्चावे लागले याचा मला अजूनही राग येतो.

परंतु त्या खड्ड्याविषयी माझी तक्रार नाही. तो भरून काढण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

ज्या हातातून सुई निसटली तो हात निरामय राहो. जिने पाहून न पाहिल्यासारखे केले त्या मातेला दीर्घायुष्य लाभो. ज्याने न केलेली चूक मान्य केली त्याचा ताल कधी न चुको. आणि मनोहररावांना, जेथे असतील तेथे, प्रत्येक वस्तूचा विषय सापडो.